फायबरचा फोन आणि वीज: ओएनटीपासून ओएलटीपर्यंत बॅकअपचा हिशोब

गावठाण फिडर
आमच्याकडे तांब्याच्या लँडलाइन बंद करून त्याच नंबरावर फायबर देताहेत. लाइट दिवसाला चार ते सहा तास जाते, पावसाळ्यात त्याहून जास्त. तांब्याचा फोन लाइट नसतानाही वाजायचा, फायबरचा ओएनटी (घरात फायबर जिथे संपते तो डबा) विझला की फोन मुका. तीन शंका आहेत.
१) एक्स्चेंजमधूनच वीज पाठवायला काय अडचण आहे?
२) घरात काय बसवलं की निदान सहा तास फोन चालू राहील?
३) घरात सगळं नीट असूनही लाइट गेल्यावर दोन-अडीच तासांनी गावातले सगळेच फोन एकदम बंद पडतात. ते का?

उणे अठ्ठेचाळीस
पहिल्या शंकेपासून धरतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघतं.

एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टचे २४ सेल एका रांगेत, म्हणजे ४८ व्होल्ट. त्याची धन बाजू अर्थ केलेली, म्हणून म्हणताना 'उणे ४८'. (ओलसर जमिनीत गळती झाली तर धन बाजूचं तांबं झिजतं, म्हणून तार ऋण ठेवायची. फार जुनं शहाणपण आहे.) रिसीव्हर उचलला की जोडीतून २० ते ४० मिलिअँपिअर वाहतात. घंटीसाठी ७५ व्होल्ट, २५ हर्ट्झ. रिसीव्हर खाली असेल तेव्हा खर्च जवळजवळ शून्य. हजार ग्राहकांतले पन्नास बोलत असतील तर एक्स्चेंज पन्नासांचीच वीज देतं.

ओएनटीचं तसं नाही. कुणी बोलो न बोलो, लेझर, चिप आणि वायफाय मिळून ६ ते १० वॅट चोवीस तास. ८ वॅट धरले तर हजार घरांचे ८ किलोवॅट, अखंड. पूर्वी कंपनीच्या बॅटरीवर असलेला हा भार आता ग्राहकाच्या मीटरवर आलाय. काचेतून वीज जात नाही हे अर्धंच कारण झालं. फोनची भूक वाढली, हे उरलेलं अर्धं.

शंकेखोर
पण मग जुनी तांब्याची जोडी आहेच की जमिनीत. डेटा फायबरवरून आणि वीज तांब्यावरून, असं का नाही?

उणे अठ्ठेचाळीस
गणित करून बघा. ०.५ मिमी तारेचा रोध एका तारेला किलोमीटरमागे साधारण ८८ ओहम, म्हणजे जोडीला १७६. एक्स्चेंज २ किमीवर असेल तर ३५२ ओहम. अशा जोडीच्या टोकाला जास्तीत जास्त मिळणारी शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधाची चौपट. ४८ व्होल्टला २३०४ भागिले १४०८, म्हणजे १.६ वॅट. तेही निम्मं व्होल्टेज तारेत जाळल्यावर. ओएनटीचा दिवासुद्धा धड लागणार नाही.

उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. रस्त्याकडेच्या टेलिफोन कॅबिनेटसाठी हे करतात: एका तारेवर +१९० आणि दुसरीवर −१९०, मिळून ३८० व्होल्ट डीसी. सुरक्षेसाठी एका जोडीवर १०० वॅटची मर्यादा. प्रवाह ०.२६ अँपिअर, २ किमीच्या तारेत साधारण २४ वॅट जळतात, टोकाला ७५ वॅट मिळतात. चार-सहा जोड्या एकत्र केल्या की एक कॅबिनेट आरामात चालतं. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर लागतो, आणि गळती दिसताच क्षणात तोडणारं संरक्षणही, कारण त्याच केबलवर उद्या कुणी जोडकाम करायला हात घालणार असतो. घरोघरच्या ८ वॅटसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. शिवाय बऱ्याच गावांत ते तांबं जमिनीत उरलेलंच नाही, कुठे गेलं ते विचारू नका.

शंकेखोर
आणि प्रकाशातूनच वीज पाठवली तर?

उणे अठ्ठेचाळीस
अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेने १९७८ मध्येच फायबरमधून आलेल्या प्रकाशावर टेलिफोनची घंटी वाजवून दाखवली होती. आजही उच्चदाबाच्या जागी, जिथे धातूची तार नेताच येत नाही, तिथल्या सेन्सरना अशी वीज देतात. पण ८ वॅट पोचवायचे तर काय होतं? ८०८ नॅनोमीटरच्या आसपास काचेत किमीला २ ते ३ डीबी घट, २ किमीला धरा ५ डीबी, म्हणजे एक तृतीयांशपेक्षा कमी प्रकाश उरला. लेझर निम्मी वीज वाया घालवणार, पलीकडचा फोटोसेल पुन्हा निम्मा प्रकाश. हाती उरतात ८ टक्के. ८ वॅटसाठी १०० वॅट वीज आणि फायबरमध्ये ५० वॅटचा लेझर. एवढ्या प्रकाशात सिंगल मोड फायबरचा गाभा जळत जळत लेझरच्या दिशेने मागे सरकतो. डोळ्यांचं तर बोलायलाच नको.

वॅटतास
दुसऱ्या शंकेकडे वळू. घरात काय बसवायचं?

आधी ओएनटी खरंच किती खातो ते मोजा. ॲडॅप्टरवर '१२ व्होल्ट २ अँपिअर' लिहिलेलं असतं म्हणून २४ वॅट धरू नका, ती ॲडॅप्टरची क्षमता झाली. डीसीच्या धन तारेत मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर मालिकेत घाला. दोन्ही बँडचं वायफाय चालू असेल तर बहुतेक ओएनटी ०.५ ते ०.८ अँपिअर दाखवतात. वायफाय बंद केलं की २-३ वॅट कमी होतात. खाली मी ७ वॅट धरलेत.

मिनी यूपीएस: आत १८६५० आकाराचे तीन लिथियम सेल, २२०० एमएएचचे. ३ × २.२ × ३.७ = २४ वॅट-तास. कन्व्हर्टरची घट काढून २१. भागिले ७, म्हणजे तीन तास. सहा तासांसाठी हा पुरत नाही. खोक्यावर 'दहा हजार एमएएच' छापलेलं असतं ते ३.७ व्होल्टला. १२ व्होल्टला बाहेर पडेपर्यंत त्याचे २.६ अँपिअर-तास उरतात. वॅट-तास लिहिलेले नसतील तर विकत घेऊ नका.

सीलबंद लेड-ॲसिड १२ व्होल्ट ७ अँपिअर-तास: कागदावर ८४ वॅट-तास. हा आकडा २० तासांत रिकामी करण्याचा. आपला भार थोडा जास्त, म्हणून ७८ धरा. कन्व्हर्टरनंतर ७०. नवी असताना दहा तास निघतात. पण रोज पूर्ण रिकामी केली तर २००-२५० फेऱ्यांत संपते. रोज निम्मीच वापरली तर साधारण दुप्पट फेऱ्या. तुमचे सहा तास रोजचेच असतील तर १२ अँपिअर-तासाची घ्या.

लिथियम आयर्न फॉस्फेट १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तास: ७७ वॅट-तास, जवळजवळ सगळे वापरता येतात, दोन हजारांच्या आसपास फेऱ्या. महाग आहे, पण रोज लाइट जाते तिथे दोन वर्षांत पैसे वसूल.

दुरुस्तीवाला
वरच्या हिशोबाला जोडून, बॅटरी थेट ओएनटीला लावू नका. लेड-ॲसिड चार्जिंगला १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि १०.५ पर्यंत उतरते. ओएनटीला साधारण १० टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १०.८ ते १३.२. लिथियम आयर्न फॉस्फेट पूर्ण भरली की १४.६ व्होल्ट. काही ओएनटींच्या तोंडाशी १६ व्होल्टचा कपॅसिटर असतो. तो लगेच मरत नाही, सहा महिन्यांनी फुगतो आणि मग 'ओएनटी आपोआप रीस्टार्ट होतो' अशी तक्रार येते. मध्ये बक-बूस्ट मॉड्यूल हवंच, जे ९ ते १५ व्होल्ट घेऊन १२ देतं. नुसता बक (फक्त व्होल्टेज उतरवणारा) घेतलात तर बॅटरी १२.५ च्या खाली गेली की तो हात टेकतो.

आणखी काही ठिकाणं, जिथे हमखास फसगत होते.

पिन. बाहेरचा व्यास दोन्हींचा ५.५ मिमी, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. २.१ च्या सॉकेटला २.५ ची पिन बसते, पण सैल. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी ओएनटी रीस्टार्ट. ध्रुव तपासा, बहुतेक सगळीकडे आतला धन असतो, पण चिन्ह बघूनच लावा.

वायर. बॅटरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ०.५ चौ. मिमीची वायर ५ मीटर ओढली तर जाऊन-येऊन ०.३९ ओहम. १.५ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच पडले. १ चौ. मिमी वापरा, नाहीतर बॅटरी ओएनटीशेजारी ठेवा. बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतरात ३ अँपिअरचा फ्यूज.

आणि फोन! कॉर्डलेस असेल तर त्याच्या बेसला वेगळी वीज लागते. ओएनटी दहा तास चालला तरी बेस विझला की फोन बंदच. ओएनटीच्या फोन पोर्टला साधा वायरवाला फोन लावून ठेवा. घंटीचं व्होल्टेज आणि बोलण्याचा प्रवाह ओएनटी स्वतः तयार करतो, त्या फोनला दुसरं काही लागत नाही. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर व्हॉइस बहुतेक ओएनटीवरच असतो. मग राउटरला बॅकअपवर घेऊच नका, निम्मा भार वाचतो.

गावठाण फिडर
घरी आधीच इन्व्हर्टर आहे. त्यावर ओएनटी लावला तर चालेल ना? लाइट गेली की दीड-दोन मिनिटं नेट नसतं, मग येतं.

दुरुस्तीवाला
ती दीड-दोन मिनिटं म्हणजे रीस्टार्ट. ओएनटी उठतो, ओएलटीशी (ऑपरेटरकडचं यंत्र, ज्याला गावातले सगळे ओएनटी जोडलेले असतात) अंतर मोजून जुळवून घेतो, मग फोनची नोंदणी होते. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण असतं, 'इको' आणि 'यूपीएस'. इकोमध्ये पालटायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, यूपीएसमध्ये १० च्या आसपास. ओएनटीचा ॲडॅप्टर १०-२० मिलिसेकंद तग धरतो. बटण यूपीएसवर करा. तरीही रीस्टार्ट झाला तर ॲडॅप्टर म्हातारा झालाय, आतला कपॅसिटर सुकलाय. १२ व्होल्ट २ अँपिअरचा नवा लावा.

शंकेखोर
पॉवर बँकेला १२ व्होल्टची केबल मिळते ऑनलाइन, दीड-दोनशे रुपयांत. तेवढ्यात काम भागत नाही का?

वॅटतास
भागतं, पण अर्धवट. त्या केबलीतला बूस्टर ५ व्होल्ट २ अँपिअर घेतो, म्हणजे १० वॅट. बाहेर १२ व्होल्टला ०.७ अँपिअर. चालू होताना ओएनटी क्षणभर त्याहून जास्त मागतो आणि केबल खाली बसते. मग दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. शिवाय बऱ्याच पॉवर बँका चार्जिंग सुरू किंवा बंद होताना आउटपुट क्षणभर तोडतात. म्हणजे लाइट गेली तरी रीस्टार्ट आणि आली तरी रीस्टार्ट. प्रवासात ठीक आहे.

जोडकाम
तिसऱ्या शंकेबद्दल. अडीच तासांनी 'सगळे एकदम' बंद पडतात हीच खूण पुरेशी आहे. घराघरातल्या बॅटऱ्या एकाच मिनिटाला संपत नाहीत. वरचं काहीतरी संपलंय: ओएलटी, नाहीतर त्याच्याही वरचा नेटवर्क स्विच.

स्प्लिटरला वीज लागत नाही. १:३२ चा स्प्लिटर प्रकाश वाटून देतो, साधारण १७ डीबी खातो, पण सॉकेट मागत नाही. गावासाठी पॉन पद्धत (एकच फायबर अशा स्प्लिटरने अनेक घरांना वाटण्याची) बरी ती त्यासाठीच. काही स्थानिक ऑपरेटर मात्र मध्ये कुणाच्या तरी गच्चीवर मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं लॅन केबलवर आणणारा डबा) किंवा छोटा स्विच ठेवतात आणि वीज त्याच घराची घेतात. असा एकेक नोड म्हणजे बॅकअपच्या साखळीतला कच्चा दुवा. ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारा: ओएलटीपासून इंटरनेटच्या तोंडापर्यंत वीज लागणाऱ्या जागा किती, आणि प्रत्येकीला किती तास?

लाइट गेलीय का फायबर तुटलीय, हे ओएलटीला कळतं. वीज तुटल्याचं जाणवताच ओएनटी कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या विजेवर एक शेवटचा निरोप पाठवतो. त्याचं नावच 'डाइंग गॅस्प', अखेरचा श्वास. एका पोर्टवरच्या वीस ओएनटींकडून हा निरोप आला तर विजेचा डीपी गेला. निरोप न येता वीसही गायब झाले तर फायबर तुटली. ज्याच्याकडे ओएलटीचा स्क्रीन आहे त्याने माणूस खांबावर चढवण्याआधी हे बघावं.

उणे अठ्ठेचाळीस
आता ओएलटीच्या खोलीचा हिशोब. आठ पोर्टांचा छोटा ओएलटी ७० वॅट, वरचा स्विच ३० वॅट, मिळून १०० धरा.

बहुतेक जण काय करतात? एसीवर चालणारा ओएलटी घेतात, त्याला घरगुती इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी. १८०० वॅट-तास, ८० टक्के वापरली तर १४४०. ओएलटीच्या आतला एसी पुरवठा १२-१३ टक्के खातो, म्हणजे १०० चे ११५ झाले. इन्व्हर्टर एवढ्या कमी भाराला जेमतेम ८० टक्के कार्यक्षम, बॅटरीवरून १४४ वॅट. दहा तास. तोच ओएलटी थेट ४८ व्होल्ट डीसीवर घेतला तर १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या मालिकेत, १२५० वॅट-तास, त्याच दहा तासांना. आणि पालटण्याची भानगडच नाही, बॅटरी कायम बसबारवरच (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरच) असते.

मग अडीच तासच का मिळतात? बहुतेक वेळा बॅटरी छोटी नसते, ती कधी पूर्ण भरतच नाही. ८ तास लाइट गेली तर २.१ अँपिअरने १७ अँपिअर-तास गेले. परत भरायला वीस टक्के जास्त, म्हणजे २० लागतात. २६ च्या बॅटरीला २.६ अँपिअरने भरायचं तर आठ तास, आणि वर शेवटचं संथ भरणं वेगळं. एसएमपीएस (मेनवरून ४८ व्होल्ट डीसी देणारा, बॅटरी भरणारा पुरवठा) जर ४-५ अँपिअरचा असेल तर त्यातले २.१ भारालाच जातात. त्यात पुन्हा लाइट गेली की बॅटरी अर्धवटच राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चार-सहा महिन्यांत २६ चे ८ होतात. एसएमपीएस भाराच्या आणि चार्जिंगच्या बेरजेचा हवा, इथे निदान ७-८ अँपिअरचा.

सेटिंग्ज तपासून घ्या. फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) सेलला २.२५ व्होल्ट, २४ सेलना ५४.०. तापमान वाढेल तसं अंशाला सेलमागे ३ मिलिव्होल्ट कमी, म्हणजे सगळ्या बँकेला ७२ मिलिव्होल्ट. विदर्भातल्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत ४५ अंश असतील तर २५ च्या हिशोबाने १.४ व्होल्ट उतरवून ५२.६. हा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला असायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो पिशवीत, न उघडलेला सापडतो. दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून बॅटरी कॅबिनेटच्या खालच्या, हवा खेळत्या कप्प्यात.

भार तोडण्याचं व्होल्टेज ४३.२. पुन्हा जोडण्याचं मात्र ५० च्या वर ठेवा. भार सुटला की बॅटरी आपोआप ४६-४७ वर उसळते. जोडणी ४६ ला ठेवली असेल तर रिले टक-टक करत बसतो आणि गावातले सगळे ओएनटी दर मिनिटाला नव्याने नोंदणी करत राहतात.

वॅटतास
लिथियमवाल्यांसाठी भर: १६ सेलची बँक पूर्ण भरायला चार्जर ५८.४ वर सेट करतात. ४८ व्होल्टच्या दूरसंचार उपकरणांची वरची मर्यादा ५७ असते. चार्जर ५६ वर ठेवा, क्षमता दोन-तीन टक्के कमी मिळते, काही बिघडत नाही. किंवा १५ सेलची बँक घ्या.

जोडकाम
एक धोक्याची सूचना, कारण ही चूक फार होते. ४८ वरून १२ व्होल्ट करायला बाजारातला स्वस्त बक कन्व्हर्टर लावतात. त्यात इनपुटचा आणि आउटपुटचा ऋण एकच. आपल्या बँकेचा धन अर्थ केलेला आहे, म्हणजे त्या १२ व्होल्टचा ऋण जमिनीच्या हिशोबाने −४८ वर तरंगतोय. तोवर सगळं चालतं. मग कुणी धातूचं आवरण असलेली लॅन केबल लावतं, किंवा केबल टीव्हीच्या पोर्टला कोॲक्स, ज्याचं आवरण कुठेतरी अर्थला टेकलेलं असतं. बँक थेट त्या आवरणातून शॉर्ट. १२ व्होल्टच्या उपकरणांना आयसोलेटेड कन्व्हर्टरच (ज्यात इनपुट आणि आउटपुट एकमेकांना जोडलेले नसतात) लावा. मीटरने इनपुटच्या ऋणापासून आउटपुटच्या ऋणापर्यंत कंटिन्युइटी बघा. बीप वाजला तर तो परत करा.

विजा कडाडतात तेव्हाचं: काच वीज नेत नाही, पण ड्रॉप केबलसोबतची (खांबावरून घरात येणाऱ्या केबलसोबतची) आधाराची जीआय तार नेते. ती भिंतीबाहेरच्या हुकावर संपवा, सोलून वेगळी करा, आत फक्त फायबरचा भाग न्या. आर्मर्ड केबलचं चिलखतही खोलीच्या बाहेरच तोडून अर्थ करा. तरी ओएनटी जळतो तो बहुतेक वेळा सॉकेटमधून आलेल्या झटक्याने, किंवा न्यूट्रल तुटून तरंगल्यावर २३० चे ३५० झाल्याने. मुख्य बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं यंत्र आणि सर्ज अरेस्टर लावा. अरेस्टरला खरं अर्थिंग हवं, नुसता हिरवा वायर भिंतीत गाडून नाही.

गावठाण फिडर
आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटचा (ग्रामपंचायतींना फायबर देणाऱ्या सरकारी योजनेचा) ओएनटी आहे, तालुक्याच्या एक्स्चेंजमधल्या ओएलटीवरून येतो. सौर पॅनेल आणि बॅटरी आहे. तरी पावसाळ्यात रात्री बंद पडतो.

वॅटतास
त्या बॅटरीवर आणखी काय लावलंय ते बघा. बॅटरी ओएनटीपुरती मोजलेली असते आणि नंतर तिलाच स्विच, वायफायचा ॲक्सेस पॉइंट, कधी कधी सीसीटीव्हीसुद्धा. एका ॲक्सेस पॉइंटचे १०-१२ वॅट म्हणजे भार दुप्पट.

नव्याने मोजायचं तर: ओएनटी आणि छोटा स्विच १५ वॅट, दिवसाचे ३६० वॅट-तास. महाराष्ट्रात उन्हाळ्यात पाचेक तास पूर्ण ऊन धरता येतं, पण जुलैचा हिशोब तीनवर करा. धूळ, तापमान आणि चार्जिंगच्या घटीपोटी ०.६५ ने गुणा. ३६० भागिले १.९५, १८५, म्हणजे २०० वॅटचं पॅनेल. तोंड दक्षिणेला, कल साधारण २० अंश. ढगाळ दोन दिवसांसाठी ७२० वॅट-तास, लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, म्हणजे १२ व्होल्ट १२० अँपिअर-तास. ॲक्सेस पॉइंट लागणारच असेल तर त्याला टायमर लावून रात्री ११ ते ५ बंद ठेवा.

शंकेखोर
परदेशात हे कोणाच्या गळ्यात घातलंय?

उणे अठ्ठेचाळीस
अमेरिकेत २०१५ च्या नियमाने (त्याची मुदत २०२५ मध्ये संपली) कंपनीने ग्राहकाला ८ तासांच्या बॅकअपचा पर्याय द्यायलाच हवा होता, तीन वर्षांनंतर २४ तासांचाही. पैसे मात्र ग्राहकाचे. ब्रिटनमध्ये दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०१८ मध्ये ज्यांचा भरवसा फक्त लँडलाइनवर आहे त्यांना निदान एक तास द्या असं सांगितलं. एक तास तिकडे पुरत असेल. आपल्या गावठाणाला नाही.

गावठाण फिडर
ऑपरेटरकडे जाऊन आलो. ओएलटी इन्व्हर्टरवर, बॅटरी तीन वर्षांची. वरचा स्विच मात्र रस्त्यापलीकडच्या दुकानात, त्याला मिनी यूपीएस. तो दोन तास वीस मिनिटांत संपतो.

जोडकाम
सापडला. त्या स्विचचा भार मोजा आणि शक्य असेल तर तो स्विचच उचलून ओएलटीच्या खोलीत आणा. दुकानात एक फायबर जोड राहील, तिथे वीजच लागणार नाही. हलवण्याआधी ऑप्टिकल पॉवर मीटरने प्रकाशाची पातळी लिहून ठेवा. आणि लाइट असताना दुपारी करा, इन्व्हर्टरच्या बॅटरीची खरी परीक्षाही त्याच दिवशी घ्या: मेन बंद करून घड्याळ लावा, दर अर्ध्या तासाला व्होल्टेज टिपा, ११ वर थांबा. आकडे इथे टाका.